लॉरेटने भावाच्या रायफलीला हात लावला नाही

आमच्या गावात लॉरेट थिबोडोच्या बसमधून शाळेत गेला नाही असा चाळिशीच्या आतला माणूस मिळायचा नाही. तिने आयुष्यभर तीच पिवळी बस चालवली. गावाबाहेर, कागदाच्या गिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आगगाडीचे रूळ आडवे जायचे. नियम असा की शाळेच्या बसने रुळांपाशी थांबायचं, दार उघडायचं, दोन्हीकडे कान द्यायचा आणि मगच पुढे जायचं. पुढे गिरणी बंद पडली, गाडी बंद झाली, रूळही कोणी उचलून नेले आणि वर डांबर पडलं. पाटी मात्र काढायची राहिली. लॉरेट तिथे रोज थांबायची. थंडीने नाकं गोठायची तरी दार उघडायची. मुलं मागून आगगाडीचा आवाज काढायची, खिदळायची. ती आरशात बघून म्हणायची, "पाटी आहे तोवर रूळ आहेत. गप बसा."

बस चालवणं सुटलं तरी सवय सुटली नाही. स्वतःच्या गाडीतून भाजी आणायला निघाली तरी त्या पाटीपाशी थांबायची. मी शेजारी बसलेली असले की मलाही पलीकडे कान द्यायला लावायची. नियम पाळणारी माणसं मवाळ असतात असा आपला समज असतो. लॉरेट मवाळ नव्हती. नियमांना शिव्या देत देत ती ते पाळायची.

तिचा थोरला भाऊ आर्मांड माझ्या मिस्टरांबरोबर गिरणीत होता. आम्ही देश सोडून इथे नवीन आलो त्या हिवाळ्यात आमच्या छपरावरचं बर्फ न विचारता उतरवून गेलेला माणूस तो. पुढे माझे मिस्टर गेले, गिरणी गेली, आर्मांडची बायको गेली. आम्ही तिघं राहिलो, एका रस्त्यावर, तीन घरांत. रविवारी ती दोघं चर्चहून आली की माझ्याकडे चहा. माझ्या देवघरातल्या दिव्याला आर्मांड टोपी काढून मान लववायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

गावाच्या वरच्या अंगाला जुनी वाळूची खाण आहे. तिथे शिकारी क्लबचं नेमबाजीचं मैदान. एका बाजूला लाकडी बाकं आणि वर पत्र्याचं छप्पर, समोर मातीचा उंच बांध, बांधापुढे कागदाची लक्ष्यं. लॉरेट त्या मैदानाची प्रमुख होती. गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडा. तिने शिट्टी मारून "मैदान बंद" म्हटलं की क्लबचा अध्यक्ष असो नाहीतर चर्चचा फादर असो, रायफल उघडून, आत गोळी नाही हे दिसेल अशी बाकावर ठेवायची आणि मागे सरायचं. तिथे आजवर कुणाला साधं खरचटलं नव्हतं. ते तिच्यामुळे, हे सगळे मानायचे.

वर्षातला मोठा दिवस म्हणजे हरणांच्या मोसमाआधीचा शनिवार. गावातले सगळे आपापली रायफल घेऊन नेम बसवायला येतात. रायफलीवरची दुर्बीण वर्षभरात हलते. ती जिथे दाखवते तिथेच गोळी जाते का, ते कागदावर बघून घ्यायचं, दुर्बिणीवरची फिरकी फिरवून जुळवायचं. नेम न बसवता रानात गेलेल्या माणसाशी इथे कोणी बोलत नाही. हरीण मारलं तर ते अन्न, देवाचं देणं. जखमी करून रानात सोडलं तर ते पाप. मी मांस खात नाही, बंदुकीला हात लावलेला नाही. पण हा भेद मला पहिल्या वर्षापासून कळतो, आणि त्या शनिवारी क्लबच्या तव्यापाशी घावन घालायला मीच उभी असते. हे लोक त्यावर मेपलचा पाक ओततात. असो.

आणखी एक रीत होती. म्हाताऱ्यांची, खांदा दुखणाऱ्यांची, हात थरथरणाऱ्यांची रायफल लॉरेट मारून द्यायची. रायफल जोराने खांद्याला धक्का देते आणि नेम बसवायला आठ-दहा गोळ्या तरी जातात. आर्मांडच्या खांद्याचं हाड बसवलं आणि डोळेही अधू झाले तेव्हापासून त्याची रायफल तीच जुळवायची. तो शेजारी खुर्चीवर बसून घावन खायचा आणि तिला चुका सांगायचा. रानात त्याला एकच गोळी मारायची असायची, तेवढी तो सोसायचा. पोस्टाचा जुना ड्रायव्हर, चर्चचा घंटा वाजवणारा, गिरणीतल्या दोघी विधवा, सगळ्यांचं हे असंच. मैदान बांधलं तेव्हापासून.

मग राज्याने बंदुकांचे कायदे बदलायला घेतले.

कायदा का करावा लागला ते आम्हालाही माहीत आहे. बातम्या आम्हीही बघतो. शाळांतल्या गोळीबारांची ती चित्रं बघून लॉरेट माझ्या सोफ्यावर बसून रडली आहे, ज्या बाईने आयुष्यभर मुलं शाळेत सोडली आणि घरी आणली. कायदा नको असं ती कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, एकदा काय ते ठरवा आणि नीट सांगा.

नीट कुणी सांगितलं नाही. आधी म्हणाले, रायफलीच्या डबीत दहाच काडतुसं. बरं. मग म्हणाले सात. मग म्हणाले, मैदानावर दहा चालतील, फाटकाबाहेर सात. तो एक अख्खा उन्हाळा माणसं फाटकापाशी उभी राहून डबीतली तीन-तीन काडतुसं काढून खिशात टाकत होती आणि लॉरेट झेंडा घेऊन बघत होती. आर्मांड तिला विचारायचा, "फाटकाबाहेर गेलं की आठवं काडतूस बिघडतं काय गं? दुधासारखं?" मग कुठल्याशा न्यायाधीशाने सात रद्द केले. आमच्यापर्यंत ती बातमी आली तेव्हा पानगळ सुरू झाली होती.

पुढे रायफलीच्या दस्त्याच्या आकाराचा नियम आला. अंगठा घालायला भोक असलेला दस्ता नको. लोकांनी भोकात लाकडाचे तुकडे चिकटवले. एकाने तर भावाच्या कारखान्यातून चक्क फळी ठोकून आणली. पुढल्या वर्षी तुकडा चालत नाही, पूर्ण दस्ता बदला, असं आलं. प्रत्येक वेळी लॉरेट सूचनाफलकावर नवा कागद टोचायची. जुना काढत नसे. म्हणायची, उद्या परत जुनाच लागू झाला तर. त्या कागदांखाली फलकावर मूळ रंगवलेले नियम होते: बोट चापापासून लांब, नळी बांधाकडे, शिट्टी झाली की हात वर. ते आता दिसतही नव्हते.

आणि त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तो नवा कायदा आला. जी रायफल एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरते, ती परवाना आणि तपासणीशिवाय दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. विकत नाही, उसनी नाही, ताब्यातही नाही. आर्मांडची रायफल नेमकी तसली. तरुणपणी गिरणीच्या पगारातून घेतलेली, लाकडी दस्त्याची जुनी रायफल. हरणाशिवाय कशावर रोखलेली नाही. पण दुसरी गोळी आपोआप भरते हे खरं.

आता मैदानावर शेजारच्याची रायफल घेऊन चार गोळ्या मारल्या तर ते 'हातात देणं' का? प्रश्न एवढाच. लॉरेटने राजधानीत फोन केला. एका बाईने सांगितलं, हो, ते देणंच. लॉरेटचं समाधान झालं नाही म्हणून तिने दुसऱ्या दिवशी परत केला. एक गृहस्थ म्हणाले, मालक शेजारी असेल तर चालतं बहुतेक. लॉरेटने विचारलं, बहुतेक म्हणजे? ते म्हणाले, मला तसं वाटतं. तिसऱ्यांदा जो भेटला तो म्हणाला, तुमच्या वकिलाला विचारा. लॉरेटने त्याला विचारलं, गावात चर्च एक, पेट्रोलपंप एक, वकील कुठून आणू? त्याने फोन ठेवला. तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मूठ मारली. दिनदर्शिका खाली पडली.

क्लबचा अध्यक्ष कर्टिस बेल्नॅप. विमा विकतो. चांगला दिसतो, चांगलं बोलतो, आणि कुठल्याही गोष्टीचं उत्तर स्वतः देत नाही. त्याने ठरवलं, सुरक्षित बाजूला राहू. दुसऱ्याच्या रायफलीला कुणीही हात लावायचा नाही, कसलीही असो. कागद त्याने छापून आणला, टोचला लॉरेटने.

त्याच आठवड्यात आर्मांड पायरीवरून घसरला. त्याला काही झालं नाही. रायफल मात्र दुर्बिणीवर पडली.

नेमाच्या शनिवारी तो आला. रायफल खोळीतून काढली, उघडी करून नेहमीच्या बाकावर ठेवली, खुर्ची ओढून बसला आणि मला म्हणाला, दोन घाल, कडा जळू देऊ नकोस. मी तव्याकडे बघत राहिले. मला ठाऊक होतं पुढे काय होणार.

लॉरेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला घेता येणार नाही, आर्मांड."

"काय घेता येणार नाही?"

"रायफल. फलक वाच."

"मला फलक वाचता येत असता तर दुर्बीण मीच जुळवली असती," तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. त्यालाही ती चेष्टाच वाटत होती. मग तिचा चेहरा बघून हसणं थांबलं.

तो म्हणाला, मी इथेच बसतो, एक हात रायफलीवर ठेवतो, मग तर झालं? ती म्हणाली, मला माहीत नाही झालं का. तीन माणसांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. त्यातलं एक तुरुंगाचं आहे. तो म्हणाला, म्हातारीला तुरुंगात घालतात होय? ती म्हणाली, मला नाही घातलं तरी मैदान बंद करतील. मग यांचं सगळ्यांचं काय? आर्मांडने बेल्नॅपकडे बघितलं. बेल्नॅप कॉफीत साखर ढवळत होता. त्याच्या कॉफीत साखर नसते, मीच देते त्याला, मला माहीत आहे.

आर्मांड उठला. एवढंच म्हणाला, "रूळ उचलून नेलेत, लॉरेट."

तिची मान लाल झाली.

त्याने स्वतःच रायफल उचलली. पहिली गोळी कागदाला लागलीच नाही, बांधात गेली. खांद्याला धक्का बसला तसं त्याच्या तोंडून हवा बाहेर आली. दुसरीही कागदाबाहेर. तिसरी मारायला गेला तर हात वर येईना. बाकांवर पंधरा-वीस माणसं होती, त्यातले निम्मे त्याच्या हाताखाली गिरणीत शिकलेले. एकही उठला नाही. उठून करणार काय, हात लावायचा नव्हता ना. सगळे आपापल्या ताटलीत बघत बसले. लॉरेटने शिट्टी मारली, मैदान बंद केलं, म्हणजे त्याला शांतपणे रायफल खोळीत घालता यावी. त्याने घातली आणि गेला. त्याचे दोन घावन तव्याजवळ गार झाले. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. राजधानीचा आला, बेल्नॅपचा आला आणि लॉरेटचाही आला.

त्यानंतरचा आठवडा बहीणभाऊ बोलले नाहीत. रविवारी चहाला दोघंही आले नाहीत. मला वाटत होतं, या वर्षी तो रानात जाणार नाही. लॉरेटलाही तसंच वाटलं असणार. पण मोसमाचा पहिला दिवस उजाडला आणि त्याच्या घराचा दिवा पहाटेच लागलेला मी माझ्या खिडकीतून बघितला. कार्तिक चालू होता, मी आंघोळ करून दिवा लावत होते. त्याच्यासाठीही हात जोडले, आणि हरणासाठीही.

जेवणाच्या सुमाराला लॉरेटची गाडी माझ्या दारात आली. ती खाली उतरली नाही, नुसता भोंगा वाजवला. मी बूट घातले आणि बसले. वाटेत तिने सांगितलं. आर्मांडने फोन केला होता. त्याने एका मादीवर गोळी झाडली, ती लागली, मादी पाठ कमानीसारखी वाकवून पळाली. तो मागावर गेला, पण त्याला पानांवरचं रक्त दिसत नव्हतं. लाल मेपलची पानं पडलेली, त्यावर लाल रक्त, आणि त्याचे डोळे अधू. "पाठ वाकवून," लॉरेट परत म्हणाली. "पोटात लागलीय." मग तिने एक शिवी दिली. फ्रेंच होती, मला अर्थ कळला नाही आणि विचारला नाही.

आर्मांड त्याच्या घरामागच्या टेकडीवर एका ओंडक्यावर बसला होता. टोपी हातात. रायफल मांडीवर आडवी. तो आमच्याकडे न बघता म्हणाला, तिच्या खांद्याच्या मागे नेम धरला होता मी. बरोबर जिथे धरायचा तिथेच. लॉरेट म्हणाली, माहीत आहे. एवढंच बोलणं झालं.

रक्त आम्ही दोघींनी शोधलं. मी उभ्या आयुष्यात तांदूळ निवडले आहेत, माझी नजर बारीक आहे. इथे एक थेंब, तिथे पानाखाली पांढरे केस, मग बरंच काही नाही, मग ओढ्याच्या दगडावर एक हिरवट डाग. तो डाग बघून लॉरेटने डोळे मिटले. मी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, पोटातलं. सकाळपासून जिवंत आहे ती.

आर्मांड मागून काठी टेकत येत होता. थांबायला सांगितलं तरी थांबेना. ओढ्यापलीकडे देवदारांची दलदल सुरू होते. पडलेली झाडं, शेवाळ, आत गुडघाभर काळं पाणी. तिथे त्याचा पाय रुतला. ओढून काढला तेव्हा बूट आतच राहिला. त्याला झाडाला टेकवून बसवला तेवढ्यात पलीकडून आवाज आला. शिंकेसारखा. फांद्यांच्या आड मादी पडलेली दिसली. मान वर होती. आमच्याकडे बघत होती. उठायला बघत होती आणि मागचं अंग उठत नव्हतं.

लॉरेटने स्वतःची रायफल आणली नव्हती. हरीण एव्हाना मेलेलंच सापडेल, नुसतं शोधायचं आहे, या समजुतीने निघाली होती. आर्मांडला तिथवर जाता येत नव्हतं. तो बसल्या जागेवरून मारायला गेला असता तर मध्ये फांद्या, आणि त्या दुर्बिणीवर कुणाचाच भरवसा नव्हता.

त्याने रायफल पुढे केली. "घे."

लॉरेट उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते. मैदानावर तो शेजारी बसलेला असताना चालतं का, एवढाच प्रश्न होता. इथे प्रश्नच नव्हता. हे मैदान नव्हतं. ती रायफल घेऊन त्याच्या नजरेआड जाणार होती. फोनवरच्या तिघांपैकी जो सगळ्यात मवाळ होता त्यानेही याला हो म्हटलं नसतं. आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पलीकडे ती मादी परत शिंकली.

"घे ना गं," आर्मांड म्हणाला. त्याचा आवाज असा मी त्याच्या बायकोच्या दफनाच्या दिवशीही ऐकला नव्हता.

लॉरेटने रायफल घेतली. पडलेल्या झाडांवरून चढत, पाण्यात उतरत ती गेली. मी तिच्या मागे दोन झाडांवर थांबले. मी मनात रामाचं नाव घ्यायला लागले, दुसरं काही सुचलं नाही. ती इतकी जवळ गेली की दुर्बिणीचा संबंधच उरला नाही. मादीने मान वळवली नाही. एकच आवाज झाला. मग दलदलीत इतकी शांतता झाली की माझ्याच श्वासाची मला लाज वाटली.

लॉरेट परत आली, रायफल उघडी करून नळी खाली धरून, मैदानावर शिकवते तशी. आर्मांडच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "ही सगळी सकाळ माझ्या डोक्यावर आहे." तो म्हणाला, नाही, माझ्या. ती ओरडली, "नाही म्हणतेय ना. तुझ्या नाही."

हरीण बाहेर काढायला शेजारचे दोघं आले. पेट्रोलपंपाशेजारी मोठा वजनकाटा टांगलेला असतो, तिथे हरीण नेऊन वनरक्षकाकडे नोंदवावं लागतं. पहिला दिवस म्हणजे तिथे जत्रा. नारिंगी जाकिटं, कॉफी, थापा. वनरक्षक हॅना कोल्बी, लॉरेटच्याच बसमधून शाळेत गेलेली. बेल्नॅपही होता, त्याचं हरीण काट्यावर लटकत होतं.

हॅनाने आर्मांडच्या हरणाकडे बघितलं. दोन गोळ्या दिसत होत्या, एक पोटात, एक मानेत. तिने हलक्या आवाजात विचारलं, काय झालं, मिस लॉरेट?

लॉरेट हलक्या आवाजात बोलली नाही. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पायरीवरून पडलेली दुर्बीण, नेमाचा शनिवार, फलक, फोनवरची तीन उत्तरं, दलदल. शेवटी म्हणाली, मानेतली गोळी माझी आहे, रायफल त्याची आहे, तो तिथे नव्हता. माझ्याकडे तसला परवाना नाही.

हॅनाने टोपी मागे सारली. मग म्हणाली, "मिस लॉरेट, मैदानावर चालतं ते. मालक शेजारी असला की मैदानावर पहिल्यापासून चालत होतं. मलाही महिनाभरापूर्वीच कळलं. आम्हालासुद्धा दर शुक्रवारी काहीतरी नवीन कळतं. मला वाटलं, क्लबला सांगितलं असेल."



लॉरेट बेल्नॅपकडे वळली. तो म्हणाला, त्याच्या कानावर तसं काहीतरी आलं होतं, पण विमा कंपनीने अजून लेखी दिलं नव्हतं. आपण सुरक्षित बाजूला राहिलो, एवढंच.

"कोण राहिलं सुरक्षित?" लॉरेट म्हणाली. "ती?" तिने गाडीच्या मागच्या फळीवर पडलेल्या मादीकडे बोट केलं. "का हा? खांदा धरून बसलाय तो?"

बेल्नॅप म्हणाला, हे बघ, रागावून उपयोग नाही. ती म्हणाली, मग कशाने उपयोग आहे ते सांग, तेही करून बघते. तो आपल्या हरणाचं वजन बघायला वळला.

मग ती परत हॅनाकडे वळली. "दलदलीचं काय?"

"ते मी ऐकलं नाही," हॅना म्हणाली.

"ऐकलंस. लिही."

"मिस लॉरेट, जाऊ द्या ना."

"लिही म्हणतेय. कायदा मी पाळला तेव्हा तो तिथे नव्हता. मोडला तेव्हा तू ऐकत नाहीस. मग आहे कुठे तो? कुणीतरी मला समोर बसवून विचारा, मीही दोन प्रश्न विचारीन. तीन फोन झालेत माझे, समोर कुणी बसलेलं नाही अजून."

हॅनाचे डोळे भरले. मुलगी वाईट नाही. तिने आर्मांडच्या नावावर हरीण नोंदवलं आणि बाकी काही लिहिलं नाही. लॉरेट तिथेच उभी राहिली असती अंधार पडेपर्यंत. मीच तिचा हात धरून गाडीत बसवली.

घरी येताना गिरणीचा रस्ता लागला. पाटी दिसली तसा माझा कान सवयीने पलीकडे गेला. लॉरेटने गाडीचा वेग जरासुद्धा कमी केला नाही. सरळ गेली. मला वाटलं होतं, हे कधी झालं तर मला हसू येईल. आलं नाही.

मांसाचं निम्मं वाया गेलं, पोटात लागल्यावर ते तसंच होतं. उरलेलं आर्मांडने गिरणीतल्या दोघी विधवांना दिलं आणि सांगितलं की आपलं रान आता संपलं. रायफल विकून टाकतो म्हणाला. लॉरेटने ऐकून घेतलं आणि सांगितलं, विक नाहीतर पुरून टाक, पण चुकीच्या नेमाची रायफल घरात ठेवायची नाही. रविवारी चर्चनंतर मैदानावर ये.

मैदान त्या दिवशी रिकामं असतं, सगळे रानात. लॉरेटने आधी फलकावरचे सगळे कागद उपटले, एकावर एक साचलेले, टाचण्यांसकट. खालचे रंगवलेले नियम पुष्कळ दिवसांनी उजेडात आले. तिने ते ओल्या फडक्याने पुसले. बेल्नॅपला विचारलं नाही. आजवर त्यानेही तिला विचारलेलं नाही, नवा कागद आणलेला नाही आणि माफीही मागितलेली नाही.

आर्मांड त्याच्या खुर्चीवर बसला. मी क्लबचा तवा तापवला, तिघांपुरतं पीठ होतं. लॉरेटने त्याची रायफल घेतली. पहिल्या गोळ्या कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गेल्या, पार काठाला. तिने फिरकी फिरवली, परत मारली, परत फिरवली. दर वेळी दात आवळून, जणू बांधापलीकडे राजधानी होती. शेवटच्या तीन गोळ्या बाटलीच्या झाकणाखाली झाकल्या जातील अशा एकत्र पडल्या. तिने त्याला लक्ष्य बघायची सुटी दुर्बीण दिली, बघ म्हणाली. त्याने घेतली नाही.

"तुझ्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. मग घावनाची कड मोडून बघून मला म्हणाला, "जळलीय."

लॉरेटने रायफल उघडी केली, बाकावर ठेवली, नळी बांधाकडे. मागे सरली. शिट्टी तोंडात घेतली आणि पूर्ण ताकदीने फुंकली, खाणीच्या तिन्ही भिंतींवरून तिचा आवाज परत आला.

"मैदान बंद," ती ओरडली. आम्हा तिघांखेरीज तिथे चिटपाखरूही नव्हतं. आर्मांडने ताटली गुडघ्यांवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता, जेवढा गेला तेवढा केला.